काट्याची साक्ष



बडोद्याच्या दक्षिणेस मियागाम आणि आग्नेयेस डभोई अशी दोन गावे आहेत. १८६२ साली, खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, या दोन गावांच्या दरम्यान अवघ्या अडीच फूट रुंदीचा एक लोहमार्ग घालण्यात आला. रूळ आले, डबे आले, परंतु ते डबे ओढावयास प्रारंभी इंजिन नव्हते, बैल होते. पुढे जड रूळ घातल्यावर कालांतराने त्या मार्गावर वाफेची इंजिने नियमाने धावू लागली. रेल्वेच्या इतिहासात ही हकीकत एक गंमत म्हणून सांगितली जाते. पण आज आपणांस ज्या विषयाकडे वळावयाचे आहे, त्याचे मर्म या गमतीतच साठविलेले आहे.

बैल थकला म्हणजे गाडीवानास ते सांगावे लागत नाही. त्याची धाप ऐकू येते, पाऊल जड पडते, तोंडाला फेस येतो. वाफेच्या बाष्पपात्राला मात्र धाप लागत नाही. आतला दाब वाढत वाढत पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे गेला तरी बाहेरून ते पूर्वीइतकेच शांत दिसते. आणि ते बोलते तेव्हा ऐकावयास कोणी उरत नाही. मुक्या यंत्राला वाचा देणारे एखादे साधन म्हणूनच माणसाला शोधावे लागले. १८४९ मध्ये युजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने ते शोधले. चपटी, वाकविलेली पितळेची नळी घ्यावी. तिच्यात दाब शिरला की ती किंचित सरळ होऊ पाहते. त्या हालचालीला काटा जोडला की दाब डोळ्यांना दिसतो. इतकीच ती युक्ती. मोटारीतील तेलाचा दाब दाखविणाऱ्या कित्येक तबकड्यांत आजही हीच नळी काम करते.

आजचा विषय आहे स्वतःच्या हातांनी मोटारगाडी बांधणाऱ्याने तिच्या समोरच्या फळीवर कोणती मापके बसवावीत, हा. वरवर पाहता ही हौशी माणसांची गोष्ट वाटेल. कारखान्यातून आलेली गाडी घेणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण तो कोणीतरी आधीच सोडविलेला असतो. परंतु जो चौकट स्वतः जोडतो, एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीच्या चाकांशी मिळविणार असतो, त्याच्या पाठीशी कोणताही कारखाना उभा नसतो. त्याला रस्त्यात खरे सांगणारा सोबती एकच, तो म्हणजे समोरचा काटा. हा सोबती कसा निवडावा, हे समजण्यासाठी प्रत्येक तबकडी कोणत्या गरजेतून जन्मली, ते पाहणे उपयोगाचे ठरेल.

डॅशबोर्ड हा शब्दच मुळी मोटारीचा नव्हे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बग्गीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावीत, तिचे ते नाव. घोडा गेला, चिखल अडविण्याचे काम संपले, फळी मात्र राहिली. पहिल्या मोटारींच्या या फळीवर सांगण्यासारखे काहीच नव्हते. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत आपल्या मोटारीच्या एकस्वासाठी अर्ज केला. आणि १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्याच गाडीने निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटरांचा तो प्रवास. इंधन संपत आले तेव्हा त्यांनी वाटेतील एका औषधविक्रेत्याकडून ते विकत घेतले. नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. पाणी वाफ होऊन उडे, म्हणून ठिकठिकाणी ते भरून घ्यावे लागे. गाडीवर मापक एकही नव्हते. मापकांचे सारे काम त्या बाईंचे कान, नाक आणि शहाणपण करीत होते.

पण इंजिने बंदिस्त होत गेली, वेग वाढत गेला आणि मनुष्याची इंद्रिये अपुरी पडू लागली. आरंभीच्या काही मोटारींत फळीवर काचेच्या लहान नळ्या असत, आणि त्यांतून तेल थेंबाथेंबाने इंजिनाकडे जाताना चालकास दिसे. थेंब पडत आहेत तोवर चिंता नाही, असा हिशोब. पुढे तेल पंपाच्या दाबाने खेळविण्याची पद्धत आली तेव्हा थेंब दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी बूर्दाँची नळी आली. बेअरिंगे कोरडी पडली तर इंजिन काही क्षणांत जाम होते. म्हणून सर्व काट्यांत तेलाच्या काट्याचा मान पहिला.

वेगाचा काटा आला तो काहीसा कायद्याच्या पावलांनी. १९०२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्झ यांनी चुंबकावर चालणारा वेगमापक तयार केला. चाकाकडून आलेली तार एक चुंबक फिरविते. चुंबकाभोवती अल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, परंतु फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या रस्सीखेचीतून काटा आपल्या जागी ठरतो. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, इंग्लंडात मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा घालणारा कायदा झाला. आता आपण किती वेगाने जात होतो, हे चालकाला स्वतःलाही ठाऊक असणे भाग पडले.

उष्णतेचे मापक तर प्रथम फळीवर नव्हतेच. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास बॉइस यांच्या नावाचा उष्णतामापक निघाला, तो पाण्याच्या टाकीच्या टोपणावर, इंजिनाच्या पार पुढच्या टोकाला बसे. आणि चालक आपल्या जागेवरून त्यातील लाल रेघ किती वर चढली ते पाही. त्याच वर्षी कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेने इंजिन सुरू करण्याची सोय आणली. हँडल मारण्याचे कष्ट गेले, पण बॅटरी आणि डायनामो यांचा संसार मागे लागला. या संसारात येणे किती आणि जाणे किती, हे सांगण्यासाठी अॅमीटर आला. पेट्रोलाचा काटा त्यामानाने सर्वांत आळशी. फोर्डची प्रसिद्ध टी मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिच्यात पेट्रोल किती उरले ते पाहण्यासाठी बैठक उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागे.

याप्रमाणे प्रत्येक तबकडीमागे एखादे जळलेले इंजिन, एखादी वाटेत अडलेली गाडी आहे. फळीची शोभा वाढविण्यासाठी त्यांपैकी एकही आलेली नाही, हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. यंत्र विकत घेणे निराळे आणि यंत्र समजणे निराळे, हा भेद बडोद्याने फार लवकर ओळखला होता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले आणि त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती त्याची धुरा दिली. हस्तकौशल्य असलेल्या मुलांना शास्त्राचे ज्ञान शक्य तितके त्यांच्या भाषेतून द्यावे, ही त्यामागची दृष्टी. दादासाहेब फाळके हे या संस्थेचेच विद्यार्थी. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रविद्या शाखेच्या रूपाने नांदू लागले.

त्याच १९४९ साली इचलकरंजीस शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतः रचलेल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ‘मीरा’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी त्यांनी पुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घडविली, सुधारली, नवे नमुने तयार केले. ती विक्रीस कधी आली नाही, पण सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार आपल्या मातीत घडू शकते, हे तिने दाखवून दिले. अलीकडे, २०२१ च्या अखेरीस, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने जुन्या भागांतून एक छोटी जीप बांधली. दुचाकीप्रमाणे ती पायाने किक मारून सुरू होई. एका मोठ्या मोटार उत्पादकाने १९२२ च्या नव्हे, तर अगदी काल-परवाच्या, २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्याला नवी गाडी दिली आणि ती जीप प्रेरणा म्हणून आपल्याकडे ठेवून घेतली. रस्त्याच्या नियमांत ती बसत नव्हती, हेही त्याच वेळी सांगितले गेले. हाताने गाडी बांधण्याची आपली परंपरा जिवंत आहे, याची ही खूण.

समजा, अशीच एखादी गाडी बडोद्याच्या एखाद्या वाड्याच्या मागील पडवीत उभी राहिली आहे. चौकट जुळली, इंजिन बसले, आणि आता पुढची फळी रिकामी आहे. बाजारात नाना तऱ्हेची मापके मिळतात: काळ्या तबकडीची, पांढऱ्या तबकडीची, चकचकीत कड्यांची, आकडे उजळणारी. मोह होतो तो रूपाचा. पण पहिला प्रश्न रूपाचा नव्हे, तर आपले इंजिन कोणते, हा आहे. दुचाकीचे, हवेने थंडावणारे इंजिन असेल तर पाण्याच्या उष्णतेची तबकडी त्याच्या काय कामाची? तेथे स्पार्क प्लगच्या बुडाशी बसणारा, इंजिनाच्या डोक्याची उष्णता मोजणारा मापक हवा. उलट, जुन्या मोटारीचे पाण्याने थंडावणारे इंजिन असेल तर वेग, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, बॅटरीची स्थिती आणि इंधन ही पाच मापके पुरेशी होतात.

दुसरा प्रश्न जोडीचा. विजेवर चालणारे मापक म्हणजे एक यंत्र नव्हे; ती दोघांची जोडी असते. टाकीत किंवा इंजिनात बसणारा सेन्सर विजेचा अडथळा कमीजास्त करतो आणि फळीवरचा काटा त्याचा अर्थ लावतो. हा अर्थ सर्वत्र एक नाही. अमेरिकन वळणाच्या बऱ्याच मापकांत रिकामी टाकी म्हणजे २४० ओहम आणि भरलेली टाकी म्हणजे ३३ ओहम. जर्मन व्हीडीओ वळणाच्या मापकांत रिकामी म्हणजे १० आणि भरलेली म्हणजे १८०. आता एकाची तबकडी आणि दुसऱ्याचा सेन्सर एकत्र आणला, तर टाकी कोरडी पडली असता काटा ती तुडुंब भरली असल्याचे सांगेल. दोन्ही वस्तू नव्या, दोन्ही निर्दोष. केवळ भाषा निराळी, आणि गाडी भर महामार्गावर उभी! म्हणून तबकडी आणि सेन्सर एकाच वळणाचे आहेत, याची खात्री केल्यावाचून पैसे देऊ नयेत. गाडीचा सांगाडा लाकडाचा किंवा फायबरचा असेल तर अर्थिंगची तार प्रत्येक मापकास स्वतंत्र द्यावी. पत्र्याच्या गाडीत जे काम पत्रा करतो, ते येथे कोणी करीत नाही.

तिसरा प्रश्न चाकाचा. वेगमापक वेग मोजत नाही, तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. ज्या गाडीसाठी तो तयार झाला तिच्या टायरचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर एका किलोमीटरमागे चाकाच्या सुमारे ५३० फेऱ्या होतात. आपण ६४ सेंटिमीटरचा टायर बसविला तर त्या ४९७ वर येतात. परिणाम असा की काटा ६० दाखवीत असताना गाडी ६४ ने धावत असते. त्यातून मापक जुने असेल तर चुंबकाची शक्ती कालांतराने क्षीण होऊन काटा आणखीच मागे राहतो. आणि तबकडी जुन्या इंग्रजी गाडीची असेल तर आकडे मैलांचे आहेत की काय, तेही पाहावे; तेथील ४० म्हणजे आपले ६४.

यानंतर सुरक्षिततेचा विचार. नळीने थेट तेल आणणारे दाबमापक विश्वासू खरे, परंतु ती बारीक नळी तडकली तर उकळते तेल चालकाच्या पायांवर येते. जुन्या पद्धतीच्या अॅमीटरमधून गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह फळीपर्यंत येऊन जातो. तेथे एखादा जोड सैल झाला तर आगीचे भय. म्हणून आज बहुतेक जाणते लोक त्याऐवजी व्होल्टमीटर पसंत करतात. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ दाखविते आणि इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असते; एवढे दोन आकडे पाठ असले म्हणजे पुरे.

येथे एक जुना वाद उभा राहतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाच्या दाबासाठी काट्याऐवजी नुसता लाल दिवा बसविला, आणि हळूहळू पुष्कळ कारखान्यांनी तो मार्ग पत्करला. जाणत्यांनी त्याची ‘मूर्खांचा दिवा’ म्हणून थट्टा केली. दिवा सांगतो तो निकाल. काटा सांगतो ती हकीकत. दिवा लागेपर्यंत काही बिघडत आहे याचा पत्ता नसतो, काटा मात्र रोजच्यापेक्षा थोडा खाली दिसू लागला की आठवडाभर आधी सावध करतो. परंतु थट्टेच्या भरात दिव्याचा गुणही विसरू नये. चालकाची नजर रस्त्यावर असते. घसरलेला काटा त्याला दिसेलच असे नाही, लाल दिवा मात्र नजरेला ओढून घेतो. स्वतः गाडी बांधणाऱ्याने काटा आणि दिवा दोन्ही बसवावे. शर्यतीच्या गाड्या सजविणारे कारागीर आणखी एक युक्ती करतात: सर्व ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा राहील अशा बेताने तबकड्या फिरवून बसवितात. मग आकडा वाचावा लागत नाही. जो काटा रांगेबाहेर गेला, तोच तक्रारदार.

इतके सारे केले तरी काम संपत नाही. माझ्या मते खरे काम येथूनच सुरू होते. काटा साक्षीदार असेल तर त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. उष्णतेचा सेन्सर अर्थिंगच्या तारेसह उकळत्या पाण्यात धरावा. बडोदे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, तेव्हा काटा शंभर अंशांवर यावयास हवा. हीच परीक्षा महाबळेश्वरी घेतली तर पाणी पंचाण्णवच्या आसपासच उकळेल, हे ध्यानात ठेवावे. इंधनाची टाकी रिकामी करून मोजून पाच-पाच लिटर घालावे आणि काटा कोठे येतो त्याची टाचणे ठेवावीत. गाडीची रीतसर नोंदणी झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर काटा साठावर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने घड्याळ लावून दोन किलोमीटर-दगडांमधील अंतर मोजावे. बरोबर साठ सेकंद लागले तर काटा खरा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाडीला वेगमापक सक्तीचा केला आहे. पण तो खरे बोलतो की नाही, हे नियमापेक्षा मालकाच्या सचोटीवर अधिक अवलंबून असते.

आणि खऱ्या साक्षीदारालाही मर्यादा असतात. रबरी नळी फुटून इंजिनातील सारे पाणी निघून गेले तर उष्णतेचा सेन्सर कोरडा पडतो. पाणीच नसल्यामुळे काटा कित्येकदा वर जाण्याऐवजी खाली येतो; इंजिन भाजत असते आणि तबकडी थंडावा सांगत असते. अशा वेळी जो चालक केवळ तबकडीवर विसंबला तो फसतो; ज्याला तापलेल्या लोखंडाचा वास कळला, आवाजातला फरक कळला, तो गाडी थांबवितो. बेर्टाबाईंची इंद्रिये मापकांच्या युगातही निवृत्त झालेली नाहीत.

२०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनात लोक गाडीच्या रंगाची, पितळी दिव्यांची, लांबलचक बोनेटची वाखाणणी करतात. आपण मात्र अशी एखादी जुनी गाडी पाहिली तर क्षणभर वाकून तिच्या फळीकडे पाहावे. तेथे पिवळसर पडलेल्या तबकड्यांत तिच्या काळच्या माणसांची भीती आणि सावधपणा दोन्ही वाचावयास मिळतात.

स्वतःच्या हातांनी गाडी बांधणाऱ्याला आपल्या कामाचे प्रेम असते, आणि प्रेम दोष पाहू इच्छित नाही. म्हणूनच त्याला अशा सोबत्याची गरज अधिक, की जो त्याच्या कौतुकात सामील होणार नाही. डभोईच्या गाडीवानाला बैल जे सांगत होता, तेच आता काट्याला सांगावयाचे आहे. तो काटा दिखाऊ असला नाही तरी चालेल, खोटा मात्र असता कामा नये.